वडीलधारा

माझं वय एकोणीस वर्षं सात महिने.
छातीवरच्या काळ्या पाटीवर लिहिलंय: एल्डर थॉर्ली.
एल्डर, म्हणजे वडीलधारा.
दाढी रोज करतो, नियम आहे म्हणून.
लागते आठवड्यातून दोनदाच.

साडेसहाला गजर.
एल्डर सोलियाई आधी गुडघे टेकतो, मग डोळे उघडतो.
माझं उलटं.
न्हाणीघर सोडलं तर सोबत्याच्या नजरेबाहेर जायचं नाही,
त्यामुळे मला माहीत आहे
की तो झोपेत सामोअन भाषेत कुणाशी तरी भांडतो
आणि दर वेळी हरतो.

चिलोए बेटावर पाऊस येत नाही,
असतोच. पाहुणा नव्हे, घरजावई.
खांबांवर उभी घरं, खाली ओहोटीचा चिखल,
सगळ्या गावाला धुराचा आणि शिंपल्यांचा वास.
आमचे बूट रात्री चुलीपाशी ठेवतो,
सकाळी ते गरम आणि ओले असतात.
कुत्र्यांना आम्ही पाठ झालोत.
भुंकत नाहीत आता,
उसासा टाकून कूस बदलतात.

दाराआधी पडदा हलतो.
पडदा हलला आणि दार उघडलं नाही
की मी मनात पाचपर्यंत मोजतो,
सोलियाई दहापर्यंत.
मग पुढची पायरी, पुढचा पडदा.
पहिल्याच महिन्यात भर सभेत
'मी दमलोय' म्हणायला गेलो
आणि म्हणालो, 'माझं लग्न झालंय.'
स्पॅनिशमध्ये एकाच अक्षराचा फरक.
मागच्या बाकावरचा म्हातारा कोळी म्हणाला,
फारसा फरक नाही, पोरा.

दोन्या एदुविखेस बार्रियाने मात्र दार उघडलं.
'देवाचं नंतर. आधी लाकडं.'
तेपूचं लाकूड: वाकडं, ओलं, हट्टी.
आयडाहोमधल्या आमच्या शेतावर मी कुऱ्हाड धरलीय,
पण तेपू कुणाची ओळख ठेवत नाही.
टाय खांद्यावर टाकून मी तासभर घाव घातले,
सोलियाईने ढीग रचला, देवळाच्या भिंतीसारखा नीट.

तिने चहा ओतला.
आम्ही मान हलवली. तिने कपाळाला हात लावला.
'चहा नाही, कॉफी नाही, मुलगी नाही,
मग तुमच्या देवाने ठेवलंय काय तुमच्यासाठी?'
तरी उठली, बोल्दोची पानं उकळून आणली.
कडू होतं. दोन पेले प्यालो.

मी पुस्तक उघडलं.
तिने भिंतीवरच्या संताकडे बोट केलं:
'याला विचारा. तो हो म्हणाला तर येते मी.'
आम्ही तिघांनी त्याच्याकडे पाहिलं.
संत काही बोलला नाही.

मग म्हणाली, 'नाव काय तुझं?'
'एल्डर थॉर्ली.'
'ते पाटीवरचं. आई हाक मारते ते?'

अकरा महिने तो शब्द कुणी उच्चारला नव्हता.
बॅगेच्या तळाशी राहिलेल्या उन्हाळी शर्टासारखा
बाहेर निघाला, घड्या पडलेला:
'ऑर्सन.'
'ओर्सोन,' ती म्हणाली, भलत्याच जागी जोर देऊन.
'ओर्सोन, चुलीत अजून एक टाक.'
सोलियाई पेल्यात बघत होता.
त्याचं नाव तिने विचारलं नाही,
आणि मीही, पाच महिने एका खोलीत राहून.

आठवड्याच्या अहवालात लिहिलं:
दिलेले धडे, शून्य.
लाकडांसाठी रकाना नव्हता.

सोमवारी कपडे धुतले. डिंकाचा डाग गेला नाही.
आईला फोन लावला. पडदा उजळला,
मागे आमचं स्वयंपाकघर, फ्रिजवर माझा फोटो, पाटीसकट.
आई अभिमानाने म्हणाली,
'कसे आहात, एल्डर थॉर्ली?'

बरा आहे, म्हणालो.
खाडीपलीकडे कुणाच्या तरी धुराड्यातून
धूर निघत होता. तिचंच घर असेल,
की शेजारचं, इथून कळत नाही.